ब्यूलीचे मोटार संग्रहालय: शर्यतींचे आणि जुन्या मालिकांचे वाद जिथे मिटतात

मोटार शर्यतींचा नाद असलेल्या माणसाला पुष्कळदा जुन्या ब्रिटिश मालिकांतल्या गाड्यांचाही नाद असतो, आणि अशी दोन-चार माणसे एकत्र बसली की गेल्या रविवारच्या शर्यतीवरून सुरू झालेले बोलणे बघता बघता मिस्टर बीनच्या मिनीच्या दाराला लावलेल्या कुलपापर्यंत येऊन पोहोचते. अशा गप्पांत जो तो आपली माहिती छातीठोकपणे सांगतो आणि तिच्यातली बरीचशी ऐकीव असते. इंग्लंडच्या दक्षिणेला, हॅम्पशायर परगण्यातल्या ब्यूली या गावी असलेल्या राष्ट्रीय मोटार संग्रहालयाची शिफारस मी करतो ती मुख्यतः एवढ्यासाठी की, ज्या गाडीबद्दल वाद चाललेला असतो ती गाडीच तिथे समोर उभी असते आणि तिच्याभोवती एक फेरी मारली की कोणाचे खरे हे बहुतेक वेळा आपोआप ठरते.

संग्रहालय १९५२ साली सुरू झाले. मोटारगाडी ही धनिकांची लहर समजली जात होती त्या काळात तिचा हिरिरीने पुरस्कार करणारे जॉन माँटेग्यू यांच्या स्मरणार्थ त्यांचे पुत्र एडवर्ड, म्हणजे तिसरे लॉर्ड माँटेग्यू, यांनी पॅलेस हाउस या आपल्या राहत्या वाड्याच्या पुढच्या दिवाणखान्यात पाच जुन्या गाड्या मांडून लोकांना दार उघडले, आणि पुढे गाड्यांचा पसारा वाड्यात मावेनासा झाल्यावर १९७२ साली आजची प्रशस्त इमारत उभी राहिली. आज तिथे अडीचशेहून अधिक वाहने आहेत. तिकीट एकच असते आणि त्यात संग्रहालयाबरोबर वाडा, बागा, १२०४ साली स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आणि थेट इमारतीच्या पोटातून जाणारी मोनोरेल हे सारे येते. नुसत्या संग्रहालयाचे वेगळे, स्वस्त तिकीट मात्र मिळत नाही, आणि ज्याला केवळ शर्यतीच्या गाड्या पाहायच्या आहेत त्याला मठाचे पैसे का द्यावेत असे वाटले तर त्यात त्याचे चुकले असे मला म्हणवत नाही.

आत गेल्यावर आधी वेगाचे विक्रम करणाऱ्या गाड्यांकडे वळावे. या एका विभागासाठी सारा प्रवास वसूल होतो असे माझे मत आहे. १९२० साली बांधलेली ३५० अश्वशक्तीची सनबीम, १९२७ची १००० अश्वशक्तीची सनबीम, १९२९ची गोल्डन ॲरो आणि १९६४ साली विक्रम करणारी ब्लूबर्ड सीएन ७ अशा चार विक्रमी गाड्या एकाच संग्रहालयाकडे असणे ही साधी गोष्ट नव्हे. पहिलीत विमानाचे अठरा लिटरहून मोठे इंजिन बसवलेले आहे. माल्कम कॅम्पबेल यांनी वेल्समधल्या पेंडाइनच्या वाळूवर १९२५ साली तिच्यातून ताशी १५० मैलांचा, म्हणजे सुमारे २४१ किलोमीटरचा टप्पा ओलांडला. दुसरीत तर विमानाची दोन इंजिने आहेत, एक चालकाच्या पुढे आणि एक मागे. दोन पेटलेल्या इंजिनांच्या मधोमध बसून, चाकांना साखळीने फिरवणाऱ्या त्या गाडीतून हेन्री सीग्रेव्ह यांनी २९ मार्च १९२७ रोजी अमेरिकेतील डेटोना इथल्या समुद्रकिनाऱ्यावर ताशी २०३.७९ मैलांचा वेग गाठला आणि दोनशेचा आकडा प्रथमच मागे टाकला. नावात हजार अश्वशक्ती असली तरी प्रत्यक्षात ती नऊशेच्या आसपासच होती, ही बाब चाहत्यांच्या गप्पांत हमखास निघते. या गाडीचे इंजिन पुन्हा चालू करून विक्रमाच्या शताब्दीला, २०२७ साली, ती डेटोनाला न्यायची असा संग्रहालयाचा संकल्प आहे आणि त्यासाठी तिथल्या कारागिरांनी तिला पार उलगडून पुन्हा जुळवायचे काम हाती घेतले. तेव्हा ती तुम्हाला तिच्या जागी दिसेलच असे नाही.

गोल्डन ॲरोजवळ मात्र थांबावेच. सोनेरी रंगाची, जमिनीलगत सरपटणारी ही लांबलचक गाडी छायाचित्रांत देखणी दिसते, पण छायाचित्रांत सहसा न दिसणारी गोष्ट म्हणजे तिच्या नाकाडावर बसवलेले, बंदुकीवर असते तसे नेम धरायचे साधन. किनाऱ्यावर धुके आणि पाण्याचे तुषार असताना सरळ रेषा धरण्यासाठी सीग्रेव्ह यांना त्यातून लांबवरच्या खुणेवर नजर रोखावी लागे. इंजिनाचे पाणी थंड राखण्यासाठी गाडीत बर्फाची पेटीही होती. ११ मार्च १९२९ रोजी तिने ताशी २३१ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे ३७२ किलोमीटर वेग नोंदवला, सीग्रेव्ह यांना सर ही पदवी मिळाली, आणि गाडीचे काम तिथेच संपले. सव्वा वर्षानंतर, जून १९३० मध्ये, विंडरमिअर सरोवरावर नौकेच्या वेगाचा विक्रम करत असतानाच त्यांचा अपघाती मृत्यू झाला. एका विक्रमासाठी बांधली गेलेली आणि नंतर जवळपास न चाललेली ही गाडी आजही इतकी टवटवीत का दिसते, याचे उत्तर त्यातच आहे.

ब्लूबर्डपाशी चाहत्यांचा जुना वाद उकरून काढायला हरकत नाही. डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १७ जुलै १९६४ रोजी ऑस्ट्रेलियातील लेक एअर या कोरड्या सरोवरावर ताशी ४०३.१० मैलांचा, म्हणजे सुमारे ६४९ किलोमीटरचा विक्रम केला. आता, अमेरिकेच्या क्रेग ब्रीडलव्ह यांनी त्याच्या आदल्याच वर्षी ४०७ मैलांचा वेग गाठला होता, मग कॅम्पबेल यांचा विक्रम कसला, असा प्रश्न कोणीतरी विचारतोच. खुलासा असा की, ब्रीडलव्ह यांचे वाहन तीन चाकांचे होते आणि त्याला पुढे ढकलत होता जेट इंजिनाचा झोत. मोटारगाडीची तेव्हाची व्याख्या चार चाके आणि त्यांतल्या निदान दोघांना इंजिनाने फिरवणे अशी असल्यामुळे त्यांचा आकडा मोटारीच्या रकान्यात बसला नाही. ब्लूबर्डमध्येही विमानाच्या जातीचेच गॅस टर्बाइन आहे, परंतु त्याची चार हजारांहून अधिक अश्वशक्ती चाकांकडे जाते. गाडीच्या शेपटाकडचा, विमानाच्या शेपटीला असतो तसा उंच उभा पंख पाहा. १९६० साली अमेरिकेतील बॉनव्हिल इथे ही गाडी भयंकर वेगात उलटली, कॅम्पबेल यांची कवटी फुटली, आणि गाडी नव्याने बांधताना ती सरळ राहावी म्हणून तो पंख बसवला गेला. कॅम्पबेल यांनी त्याच १९६४ सालच्या शेवटच्या दिवशी पाण्यावरचाही विक्रम केला, आणि एकाच वर्षात जमीन व पाणी असे दोन्ही विक्रम करणारे ते एकमेव ठरले. संग्रहालयाच्या फलकांवर आकडे पुष्कळ असतात, पण या गोष्टींचे असे धागे जुळवून सांगण्याचे काम ते पाहणाऱ्यावर सोडून देतात. माहीतगार सोबती बरोबर असेल तर हा विभाग जिवंत होतो, एरवी तो मोठ्या, सुंदर आणि मुक्या यंत्रांचा विभाग राहतो. माझी या ठिकाणाबद्दलची सर्वात मोठी तक्रार हीच.

शर्यतीच्या गाड्यांत मला सर्वात प्रिय आहे ती संग्रहालयाच्या मालकीची बीआरएम, म्हणजे ब्रिटिश रेसिंग मोटर्स या संघाची, व्ही १६. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या अनेक उद्योगांनी मिळून राष्ट्रीय अभिमानापोटी ही गाडी बांधली आणि दीड लिटरच्या इंजिनात चक्क सोळा सिलिंडर बसवले. म्हणजे एकेक सिलिंडर आपल्या स्प्लेंडरच्या इंजिनापेक्षाही किंचित लहान, आणि तशी सोळा इवलीशी भांडी एकत्र ओरडत असल्यामुळे त्या गाडीचा आवाज ज्यांनी ऐकला ते तो जन्मभर विसरले नाहीत. १९५० साली सिल्व्हरस्टोनला ती प्रथम शर्यतीत उतरली तेव्हा झेंडा पडताच रेमाँ सोमेर यांनी क्लच सोडला, मागच्या बाजूचा सांधा तुटला आणि गाडी जागेवरून हललीच नाही. लोकांनी तिच्या दिशेने पेन्नीची नाणी फेकून हुर्यो उडवली, असे सांगतात. याच बीआरएम संघाने १९६२ साली ग्रॅहम हिल यांना जगज्जेतेपद मिळवून दिले, आणि त्याच हिल यांनी पुढे चालवलेली लोटस ४९ ही गाडीसुद्धा संग्रहालयाकडे आहे. लोटस ४९ चे महत्त्व तिच्या पाठीमागच्या इंजिनात आहे. फोर्ड कॉसवर्थ डीएफव्ही हे इंजिन जून १९६७ मध्ये हॉलंडच्या झांडफोर्टला पहिल्यांदा शर्यतीत आले, हिल सर्वांच्या पुढून सुटले, जिम क्लार्क यांनी शर्यत जिंकली, आणि १९८३ पर्यंत या इंजिनाने एकूण १५५ ग्रां प्री जिंकून दिल्या. इंजिनाला सांगाड्यात न बसवता इंजिनच गाडीचा मागचा सांगाडा बनवायचे ही तिची युक्ती मागून वाकून पाहिल्यावर एका नजरेत कळते, आणि आजच्या फॉर्म्युला वनच्या गाड्याही त्याच तत्त्वावर बांधल्या जातात. मोनॅको, इंडियानापोलिस आणि ल माँ या तिन्ही ठिकाणी जिंकणारे आजवरचे एकमेव चालक हिलच, आणि १९९६ साली त्यांचे चिरंजीव डेमन जगज्जेते झाले तेव्हा ती पहिली पितापुत्रांची जोडी ठरली, एवढे ठाऊक असेल तर लोटसपाशी वेळ बरा जातो.

आता मालिकांकडे. पडद्यावरच्या गाड्यांसाठी संग्रहालयात स्वतंत्र दालन आहे आणि तिथली मांडणी अधूनमधून बदलत असते, म्हणून अमुक एक गाडी नक्की दिसेल असे वचन मी देणार नाही. मिस्टर बीनची काळ्या बॉनेटची हिरवट पिवळी मिनी, टपावर आरामखुर्ची बांधलेली, इथे बरीच वर्षे होती. गाड्यांचे यांत्रिक मोल म्हणाल तर या दालनात फारसे काही नाही. पडद्यासाठी रंगवलेली वाहने जवळून जरा उघडी पडतात, रंगाचे फटकारे दिसतात. पण गर्दी मात्र इथेच असते, आणि लोक एकमेकांशी बोलतात तेही इथेच. विक्रमी गाड्यांसमोर अनोळखी माणसे गप्प उभी राहतात आणि पिवळ्या तीनचाकी व्हॅनसमोर एकमेकांना चुका दाखवू लागतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

ती व्हॅन 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' या बीबीसीच्या मालिकेतली. १९८१ साली सुरू झालेल्या या मालिकेचा १९९६च्या नाताळातला भाग ब्रिटनमध्ये दोन कोटी चाळीस लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. तिच्यातल्या डेल बॉयच्या मळकट पिवळ्या गाडीला अर्धे जग रिलायंट रॉबिन म्हणते. ती रॉबिन नव्हे. ती त्याच कंपनीची आधीची गाडी, रिलायंट रीगल, आणि तिचीही मालवाहू आवृत्ती. रॉबिन १९७३ साली आली. मी गेलो तेव्हा तिच्यापुढे एका गृहस्थांनी आपल्या नातवाला रॉबिन म्हणून सांगितले आणि पलीकडच्या बाईंनी त्यांना अत्यंत सभ्यपणे, पण लगेच दुरुस्त केले. माझ्याबरोबर पुण्याहून आलेला मामेभाऊ या मालिकेशी अपरिचित होता. मिस्टर बीन ज्या निळ्या तीनचाकीला दर वेळी उलथवतो किंवा रस्त्याबाहेर घालवतो तीही हीच रीगल, असे त्याला सांगितल्यावर त्याने व्हॅनखाली वाकून पुढचे एकुलते चाक निरखून पाहिले. फायबरचे हलके अंग, पुढे एक चाक, आणि मोटारसायकलच्या परवान्यावर चालवायची मुभा, या कारणांमुळे ब्रिटनच्या कामगारवर्गात ही गाडी खपली. विनोदाला ती सोयीची पडली तीही त्याच कारणांमुळे.

तीन चाकांचा हा धागा पुढच्या दालनात नेतो. बीबीसीच्या 'टॉप गिअर' या कार्यक्रमातल्या करामती गाड्यांसाठी ब्यूलीने वेगळे दालन केले. १९७७ साली बर्मिंगहॅमहून साधा मोटारविषयक कार्यक्रम म्हणून सुरू झालेला 'टॉप गिअर' २००२ साली नव्या रूपात आला आणि जगभर गेला. सूत्रसंचालक जेरेमी क्लार्कसन यांची वळणावळणावर कलंडणारी रॉबिन आठवत असेल, तर ती इतकी कलंडावी म्हणून तिच्यात आधीच फेरफार केले होते, अशी कबुली त्यांनी पुढे स्वतःच दिली, हेही लक्षात ठेवावे. याच कार्यक्रमाने २००७ साली एका रॉबिनला अग्निबाण बांधून अवकाशयानासारखी आकाशात सोडली होती. भरतीच्या पाण्यात बुडवलेली, पेटवलेली आणि शेवटी पाडल्या जाणाऱ्या इमारतीच्या गच्चीवर ठेवलेली टोयोटा हायलक्सही या दालनात मांडली गेली. तिचे दुमडलेले पत्रे जवळून पाहिले की ती नंतर चालू झाली यावर विश्वास बसणे कठीण जाते.

शर्यतीच्या चाहत्याला या कार्यक्रमात हक्काची जागा होती ती स्टिग या पांढऱ्या हेल्मेटच्या अबोल चालकामुळे. पहिला, काळ्या पोशाखातला स्टिग म्हणजे पेरी मॅकार्थी. १९९२ साली अँड्रिया मोडा या दुबळ्या संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरू पाहणारे आणि एकाही शर्यतीला पात्र न ठरलेले हे चालक. नंतरचा, पांढऱ्या पोशाखातला स्टिग बेन कॉलिन्स. २०१० साली त्यांचे आत्मकथन थांबवायला बीबीसी न्यायालयात गेली आणि हरली. मधे, २००९ साली, एका भागात हेल्मेट काढल्यावर आतून मायकेल शूमाकर निघाले, पण ती केवळ गंमत होती. डन्सफोल्डच्या जुन्या विमानतळावर साध्या सुझुकी लियानातून नाइजेल मॅन्सेल, जेन्सन बटन, लुइस हॅमिल्टन अशा चालकांच्या फेरीच्या वेळा एका फळ्यावर नोंदल्या गेल्या. त्या फळ्यावरून आजही तावातावाने बोलले जाते, कारण कोणाच्या वेळी पाऊस होता आणि कोणाच्या वेळी ट्रॅकवर तेल सांडले होते, याची बेरीज-वजाबाकी करणारे बरेच जण आहेत. सामान्य पाहुण्यांच्या फळ्यावर रोवन ॲटकिन्सन यांनी २०११ साली टॉम क्रूझ यांना मागे टाकले, हे मिस्टर बीनच्या चाहत्यांना पुरेसे समाधान देणारे आहे, आणि ते स्वतः जुन्या गाड्यांच्या शर्यतींत उतरतात हे ठाऊक असणाऱ्यांना त्याचे नवल वाटत नाही.

महाराष्ट्राचा या दालनाशी संबंध एवढाच की, २०११च्या नाताळच्या विशेष भागासाठी ही मंडळी मुंबईत उतरली आणि डबेवाल्यांचे काम मोटारींनी करून पाहण्याचा खटाटोप त्यांनी केला. त्या भागातल्या काही थट्टेबद्दल लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाने पुढे रीतसर नाराजी कळवली. डिसेंबर २०२२ मध्ये चित्रीकरणात सूत्रसंचालक अँड्र्यू फ्लिंटॉफ गंभीर जखमी झाल्यानंतर कार्यक्रम थांबला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीने तो नजीकच्या काळात परतणार नसल्याचे जाहीर केले. त्यामुळे काल-परवापर्यंत चालू असलेल्या कार्यक्रमाची जाहिरात वाटणारे हे दालन आता जुन्या मालिकांच्या रांगेत जाऊन बसले आहे, आणि माझ्या मते त्याने त्याची गोडी वाढली आहे.

ज्यांचे कुतूहल गाड्या पाहून भागत नाही त्यांच्यासाठी संस्थेकडे मोटारविषयक संदर्भ ग्रंथालय आणि छायाचित्रांचा व चित्रफितींचा मोठा संग्रह आहे. तिथे आधी कळवून, वेळ ठरवून जावे लागते. एखाद्या शर्यतीचा जुना कार्यक्रमपत्र किंवा गाडीचे मूळ माहितीपत्रक पाहायचे असेल तर दोन-तीन आठवडे आधी विचारणा करणे शहाणपणाचे. विक्रीचे दुकान मात्र साधारण आहे: खेळण्यातल्या गाड्या, मग, टोप्या. पुस्तकांचे कपाट बरे असले तरी त्यासाठी म्हणून वाकडी वाट करावी असे नाही.

जाण्याची सोय ही खरी अडचण. लंडनच्या वॉटर्लूहून ब्रॉकनहर्स्टला थेट गाडी आहे, दीड तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. पण स्थानकापासून ब्यूली सुमारे दहा किलोमीटर दूर आहे आणि बसगाड्यांचा भरवसा उन्हाळा सोडला तर धरू नये. टॅक्सी आधी ठरवावी, किंवा साउथॅम्प्टनकडे राहणाऱ्या कोणा नातेवाइकाची मोटार मिळत असेल तर संकोच करू नये. रस्त्यात न्यू फॉरेस्टची मोकाट तट्टे आणि गाढवे आडवी येतात, तेव्हा हाकणाऱ्याने जपून हाकावे. नाताळचा दिवस वगळता संग्रहालय वर्षभर सकाळी दहाला उघडते आणि तिकीट आधी ऑनलाइन काढल्यास स्वस्त पडते. शाकाहारी माणसाचे उपाहारगृहात भागते, पण हवा चांगली असेल तर घरचा डबा बागेत बसून खाणे अधिक सुखाचे. लहान मुलांबरोबर जाणाऱ्यांनी मोनोरेल आणि मालिकांचे दालन शेवटी ठेवावे, कारण तिथून मुले मागे फिरायला तयार होत नाहीत.

सप्टेंबरात इथे जुन्या सुट्या भागांचा, माहितीपत्रकांचा आणि खेळण्यांचा मोठा बाजार भरतो. १९६७ पासून चालत आलेल्या या बाजारात साठीच्या दशकातल्या मालिकांवरून कॉर्गी या कंपनीने काढलेल्या खेळण्यातल्या लहान गाड्या आणि जुन्या शर्यतींचे कार्यक्रमपत्र हाती लागतात, आणि विकणारा त्या वस्तूमागची हकिगत सांगितल्याशिवाय ती पुड्यात बांधत नाही. खरेदी आणि गप्पा यांसाठी ते दिवस उत्तम. गोल्डन ॲरोपुढे निवांत उभे राहायचे असेल तर दुसरा कोणताही आठवडा निवडावा, आणि तोही शाळांच्या सुट्ट्या टाळून.